गिरणीच्या भिंतीवरचा कागद

हे मी आजवर कुणापाशी बोललेले नाही. नवऱ्यापाशी नाही, मुलापाशी नाही. रेजिनाच्या अंत्यविधीला चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसले होते, तिथे मनातल्या मनातसुद्धा नाही. बोलायचं कसं, हेच कळत नव्हतं. गोष्ट इतकी लहान आहे — ऐकणारा म्हणेल, एवढंच ना? इंटरनेटवरचं एक पान. ते ठेवायचं की काढायचं, असा प्रश्न होता. मी म्हटलं, काढा.

पण तेवढंच नाही. म्हणून जरा मागून सांगते. सरळ मुद्द्यावर यायचं धाडस अजून होत नाही, हेही त्यातच आलं.

मी डोंबिवलीच्या एका शाळेत मराठी शिकवायचे. निवृत्त झाल्यावर मुलाने जुना लॅपटॉप दिला आणि मी एका ऑनलाइन ज्ञानकोशात लिहू लागले. मराठीतला, सगळ्यांना मोकळा असलेला ज्ञानकोश. तिथे कुणीही लेख लिहू शकतो, आणि म्हणूनच लिहिलेलं ठेवण्याजोगं आहे का, हे कुणीतरी पाहावं लागतं. कुणी स्वतःवरच लेख लिहितो, कुणी सासऱ्यांच्या दुकानावर. मला शुद्धलेखनाची सवय, वाद न घालता समजावून सांगायची सवय. लोकांना ते आवडलं असावं. काही वर्षांनी त्यांनी मला प्रचालक केलं — म्हणजे पान पुसायचं आणि पुसलेलं परत आणायचं बटण माझ्या हाती आलं. तिथे मी टोपणनावाने वावरते. मी कोण, कुठली, बाई की पुरुष, हे तिथे कुणाला ठाऊक नाही.

नियम दोनच सांगते, पुढे लागतील म्हणून. पहिला — ज्याच्यावर लेख आहे त्याच्याशी संबंध नसलेल्या कुणीतरी, छापील आणि भरवशाच्या ठिकाणी, त्याबद्दल नीट लिहिलेलं हवं. याला आम्ही उल्लेखनीयता म्हणतो. विषय तुमच्या किती जिव्हाळ्याचा आहे, हे तिथे मोजत नाहीत. दुसरा — विषयाशी तुमचा संबंध असेल तर तसं सांगा आणि निर्णयापासून लांब राहा. नवीन आलेल्यांना हा दुसरा नियम मीच समजावून सांगायचे. फार गोड शब्दांत सांगायचे.

आता रेजिना.

ठाण्यात कॉलेजात असताना आम्ही एका बाकावर बसायचो. मी चरईतली, ती बाळकुमची. बाळकुम तेव्हा गाव होतं. म्हणजे खरोखरचं गाव — भातशेती, विहिरी, चर्च, चर्चच्या अंगाला कौलारू घरं, आणि वळणावर भाताची गिरणी. तिच्या घरची माणसं शेती करायची, तिचा बाप रविवारी कोट घालून चर्चमध्ये मिस्साला जायचा. मी पहिल्यांदा तिच्या घरी गेले तेव्हा तिच्या आईने मला तांदळाच्या भाकरीबरोबर काय चालेल, काय नाही, हे इतक्या हळूच विचारलं की मला लाजच वाटली. आमच्या घरी रेजिनाला चहा वेगळ्या कपात दिला जायचा. तिने ते पाहिलं होतं. कधी बोलली नाही.

गिरणीची एक भिंत रस्त्याकडे होती, लांबलचक, चुन्याने रंगवलेली. रेजिनाच्या डोक्यात आलं की या भिंतीवर दर रविवारी वर्तमानपत्र लावायचं. हाताने लिहिलेलं. गावाचं. नाव ठेवलं ‘हाळी’. बातम्या ती आणायची आणि लिहायची मी, कारण तिचं अक्षर तिलाही वाचता यायचं नाही. शनिवारी दुपारी तिच्या पडवीत कागद पसरायचा, चार कोपऱ्यांवर चार पाटे-वरवंटे-तांबे जे मिळेल ते ठेवायचं, आणि मी कटनिबने लिहीत बसायचे. तिची आई मैद्याची खळ शिजवायची. रविवारी मिस्साच्या आधी रेजिना तो कागद चिकटवायची — मागच्या आठवड्याच्या कागदावरच. प्रार्थना संपली की माणसं थेट घरी जायची नाहीत, भिंतीपाशी थांबायची. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांना दुसरं कुणीतरी मोठ्याने वाचून दाखवायचं. हिंदू आळीतली माणसंही यायची. मी मात्र रविवारी कधीच तिथे नसायचे.

काय असायचं त्यात? कुणाची म्हैस हरवली. बस कुठल्या थांब्यावर थांबत नाही. विहिरीवर कोण भांडी घासतं. ‘पुढाऱ्यांच्या दारातला दिवा लागतो, पुढचे सगळे बंद आहेत; दिव्यांनाही ओळख लागते काय?’ अशी रेजिनाची वाक्यं. मी ती जरा नीटनेटकी करायला जायचे तर म्हणायची, “तुझ्या व्याकरणाने माझी शिवी मेली गो.” आणि मग मी ती होती तशी लिहायचे.

खळीमुळे बकऱ्या कागद खायच्या. एकदा एका बकरीने अख्खा अग्रलेख खाल्ला आणि पुढच्या रविवारी रेजिनाने छापलं — छापलं कसलं, मी लिहिलं — की मागील अंकातील विचार एका वाचकास फार रुचले. पावसाळ्यात कागदावर कागद चढून झालेला तो जाड पापुद्रा भिजून एकदमच खाली यायचा, आणि भिंत पुन्हा कोरी व्हायची. त्यामुळे ‘हाळी’चा एकही अंक कुठे उरलेला नाही. आम्हाला कधी वाटलंही नाही की उरायला हवा. त्या वयात कुणाला वाटतं?

हे आठवताना मला बरं वाटतंय, आणि म्हणूनच मी इथे जास्त वेळ थांबलेय. पुढे जायला हवं.

मग जमिनींचे व्यवहार सुरू झाले. माजिवड्याच्या बाजूने दलाल येऊ लागले. कुणी किती गुंठे कुणाला दिले, सांगितलं काय आणि कागदावर लिहिलं काय, हे ‘हाळी’त येऊ लागलं. लोक आता भिंतीपाशी हसत नसत, गप्प उभे राहून वाचत. एका रविवारी एका दलालाने तिच्या बापाला दारात उभं करून वाट्टेल ते ऐकवलं. विचारलं, हे अक्षर कुणाचं? रेजिना म्हणाली, माझं. माझे वडील, अण्णा, जमिनीच्याच कचेरीत कारकून होते. ते अक्षर त्यांनी पाहिलं असतं तर लगेच ओळखलं असतं.

त्यानंतर काही महिन्यांतच माझं लग्न ठरलं आणि मी डोंबिवलीला गेले. रेजिनाने ‘हाळी’ पुढे बरीच वर्षं चालवली, कुठल्या कुठल्या पोरींकडून लिहून घेऊन. गिरणी पाडली तेव्हा ती थांबली. लोक तिला ‘हाळी’ म्हणतच नसत. ‘रेजिनाचा कागद’ म्हणायचे.

आता ते पान.

दोन-तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. एका सकाळी कोशातली नवी पानं चाळत होते आणि समोर आलं — ‘हाळी (भित्तिपत्रक)’. लिहिणारी नवीन सदस्य. वाचताच कळलं, ही शेरल. रेजिनाच्या भावाची मुलगी, बँकेत आहे. रेजिनाने लग्न केलं नाही. म्हातारपणी ती शेरलकडेच माजिवड्याच्या एका टॉवरमध्ये राहत होती. मी लेख अधाशासारखा वाचला. गिरणी होती, बकरी होती, दलाल होता. रेजिनाचं नाव तर ओळीओळीला. आणि एका जागी होतं — ‘एका मैत्रिणीच्या मदतीने’.

एका मैत्रिणीच्या.

मी ते पुन्हा पुन्हा वाचलं. वर्षानुवर्षं शनिवार-शनिवार पाठ मोडेपर्यंत ओणवं बसून लिहिलं, आणि मी मदत झाले? नावसुद्धा नाही? चहा पिता पिता हे असं चढत गेलं. वय काय माझं, आणि चढतंय काय. मी लेखाच्या वर पाटी लावली — उल्लेखनीयता सिद्ध होत नाही. आणि वगळण्याच्या चर्चेसाठी पान मांडलं. माझा या विषयाशी संबंध आहे, असं लिहिलं नाही.

तुम्ही म्हणाल, नियमाने ते बरोबरच होतं. स्रोत खरोखर नव्हते. शेरलने सगळं आत्याच्या तोंडून ऐकून लिहिलं होतं. हेच मीही स्वतःला सांगत होते. नियमाच्या आड उभं राहिलं की माणूस किती सरळ दिसतो, नाही?

चर्चेत विदर्भातला एक सदस्य आला. भला माणूस. त्याने लिहिलं, विषय सुंदर आहे, एक जरी चांगला स्वतंत्र स्रोत मिळाला तरी मी ‘ठेवा’ म्हणेन. ठाणे-कल्याण भागात कुणी असल्यास जुन्या ग्रंथालयांत पाहील का? शेरलने लगेच खाली लिहिलं की कल्याणच्या एका साप्ताहिकात ‘हाळी’वर मोठा लेख आला होता, फोटोसकट, पण आत्याकडची प्रत जुनं घर पाडताना गेली. मी लिहिलं, पाहून सांगतो. ‘सांगतो’ लिहिलं — टोपणनावामागे तेही करता येतं.

आणि मी खरंच कल्याणला गेले. ग्रंथालयातल्या माणसाने आतल्या खोलीत शोधलं, कपडे झटकत बाहेर आला आणि म्हणाला, “बाई, त्या साप्ताहिकाची फाइल वाळवीने खाल्ली. राहिलंय ते पण हात लावला की पीठ होतंय.” मला सुटल्यासारखं झालं. बाहेर येऊन मी कैऱ्या घेतल्या, हेही आठवतंय. घरी येऊन लिहिलं — ‘ग्रंथालयात पाहिले. उपलब्ध नाही. स्वतंत्र स्रोत आढळला नाही. वगळावे.’

ग्रंथालयात पाहिलं, हे खरं होतं. घरी पाहिलं का, असं मला कुणी विचारलं नव्हतं. आणि घरी शोधायची गरजही नव्हती, कारण तो अंक कुठे आहे हे मला पक्कं माहीत होतं. तो लेख लिहायला एका शनिवारी आलेल्या पत्रकाराने नंतर दोन प्रती दिल्या होत्या, एक तिला, एक मला. माझी माझ्या कपाटात होती, पैठणीच्या घडीखाली, लग्नापासून. त्यात दीड पानभर रेजिनाबद्दल आहे. फोटोत ती भिंतीसमोर हसत उभी आहे, आणि कडेला कागद धरलेला एक हात आहे, कोपरापर्यंत. तो माझा.

दुसऱ्या एका प्रचालकाने चर्चा वाचली आणि पान काढलं. त्यात माझा हात लागला नाही. तेवढी मी काळजी घेतली होती.

त्यानंतर शेरलचा फोन आला. “वसूआंटी, ते लोक बोलतात सोर्स पाहिजे. आता गिरणीच्या भिंतीचा सोर्स कुठून आणू मी? आमची आंटी म्हणते तुमच्याकडे तो अंक होता. बघाल का जरा? आणि एकदा येऊन जा ना. ती आठवण काढते.” रेजिनाची किडनी गेली होती, डायलिसिस सुरू होतं. हे मला माहीत होतं. तरी मी गेले नव्हते.

मुलाने माणकोलीच्या नव्या पुलावरून गाडीने सोडलं. पूर्वी बाळकुमला जायचं म्हणजे केवढा वळसा, आणि आता बोलता बोलता माजिवडा आला. रेजिना खिडकीजवळ बसली होती. हात सुजलेला, केस अगदी थोडे. मला पाहून म्हणाली, “ये गो. किती सुकलीस. डोंबिवलीत खायला मिळत नाय काय?”

मग हसत हसत तिने पानाचा विषय काढला. “शेरलने वाचून दाखवलं मला. ‘स्वतंत्र स्रोत आढळला नाही. वगळावे.’ भाषा बघ कशी, कचेरीतल्यासारखी. आणि कल्याणला जाऊन आला म्हणे माझ्यासाठी. बाप्याच असणार. बाईने आधी चहाला बोलावून विचारलं असतं.”

“असेल,” मी म्हटलं.

“काढलं तर काढलं. एवढे कागद बकऱ्यांनी खाल्ले, त्यात हा एक.” मग म्हणाली, “पण तो अंक मिळाला तर बरं होईल, वसू. ही पोर हिरमुसलीय. आणि ती भिंत होती, हे कुठेतरी लिहिलेलं असू दे. खाली वॉचमनला विचार गिरणी कुठे होती, त्याला नाय माहीत. कोणालाच नाय माहीत. मी गेले की संपलं.”

मी काही बोलायच्या आतच तिने पुढचं सांगितलं. आणि हे मी आजपर्यंत कुणाला — असो.

ती म्हणाली, “तुझं नाव शेरल घालत होती. मीच नको म्हटलं. तू शपथ घातलेलीस ना मला, माझं नाव कुठे येऊ देऊ नकोस, अण्णांना कळलं तर घराबाहेर काढतील. रडलेलीस केवढी त्या पडवीत. आता अण्णा गेले, सगळेच गेले, पण तुला विचारल्याशिवाय कसं घालायचं? म्हणून ‘एका मैत्रिणीच्या’ लिहायला सांगितलं. घालू का आता?”

मी ते साफ विसरले होते. शपथ मी घातली होती. दलाल दारात आला त्याच्या आदल्याच शनिवारी घातली होती. अक्षर माझं आहे असं ती तेव्हा म्हणाली ते त्यासाठी, आणि सगळं आयुष्य लोकांनी ‘रेजिनाचा कागद’ म्हटलं तेव्हा गप्प राहिली तीही त्यासाठी. मी मात्र ते सन्मान म्हणून मोजत होते — माझ्या वाट्याचा, तिने घेतलेला.

त्या खोलीत, त्या क्षणी, माझ्या हातात सगळं होतं. अंक घरी होता. पान परत आणायचं बटण माझ्याकडे होतं. संध्याकाळपर्यंत शेरल तिला ते पान दाखवू शकली असती. फक्त मला म्हणावं लागलं असतं — तो बाप्या मी आहे.

“राहू दे नाव,” मी म्हटलं.

“आणि अंक?”

“नाही गं सापडला. घर बदललं तेव्हा रद्दीत गेला बहुतेक.”

तिने माझ्याकडे पाहिलं. काही ओळखून पाहिलं का? मी स्वतःला हे फार वेळा विचारलंय. मला वाटतं, नाही. तिने माझ्यावर विश्वास ठेवला, इतकंच. “जाऊ दे मग,” म्हणाली आणि आत हाक मारून शेरलला सांगितलं, “वसूला बिनसाखरेचा दे, तिला चालत नाय.”

दिवाळीच्या आधी ती गेली. बाळकुमच्या चर्चमध्ये खूप माणसं होती — टॉवरमधली, वसईकडून आलेली, काही अगदी म्हातारी. दफनानंतर एक गृहस्थ कुणाला तरी सांगत होते की आमची म्हैस सापडली ती रेजिनाच्या कागदामुळे. दुसरे म्हणाले, सापडली कसली, तुमच्या चुलत्यानेच बांधली होती, तेही तिने लिहिलं होतं. दोघं हसले आणि मग डोळे पुसू लागले. मी जरा मागे उभी होते.

महिनाभराने मी अंक कपाटातून काढला आणि शेरलला नेऊन दिला. पश्चात्तापाने दिला, असं मी म्हणणार नाही. ती गेल्यावर, ती मला ओळखेल ही भीती उरली नव्हती, एवढंच. शेरलने त्याचे फोटो कोशात टाकले, विदर्भातल्या त्या सदस्याने ‘ठेवा’ म्हटलं, आणि पान परत आलं. आजही आहे. शेरलने चर्चेत लिहिलं की आत्याच्या एका मैत्रिणीने हा अंक जुन्या पुस्तकवाल्याकडून शोधून काढला, तिचे आभार. खाली त्या भल्या माणसाने लिहिलं, अशा वाचकांमुळेच आपला कोश उभा आहे.

पुस्तकवाल्याचं मीच तिला सांगितलं होतं. तिने दारातच माझे हात धरले होते आणि विचारलं होतं, “कुठे मिळाला आंटी?” — आणि माझ्या तोंडून तेही निघालं, अगदी सहज. कल्याणचा पुस्तकवाला, स्टेशनजवळचा. ती रडत होती. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत होते.

पुस्तकवाला कुणी नव्हता, शेरल. अंक माझ्या कपाटात होता. तुझी आंटी मला विचारत होती तेव्हाही तिथेच होता.